कोट्यवधि क्रमांची सिद्धता

दोन कारकून एकाच खातेवहींत जमा लिहीत आहेत अशी कल्पना करा. वहींत शिल्लक १०० रुपये. पहिल्यानें ती वाचली. त्यानें कांहीं लिहिण्यापूर्वींच दुसऱ्यानेंही वाचली. एकानें आपले १० मिळवून ११० लिहिले, दुसऱ्यानें आपले २० मिळवून तें खोडून १२० लिहिले. बेरीज कोणाचीच चुकली नाहीं, तरी १० रुपये नाहींसे झाले! एकच काम अनेक प्रोसेसरांस वांटून दिलें म्हणजे संगणकांत हाच घोटाळा संभवतो. आणि तो क्वचितच होतो, हीच खरी अडचण.

१४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिका व कॅनडा येथील सुमारें ५ कोटि लोकांची वीज गेली. आरंभीं तारांस झाडें लागलीं होतीं. परंतु ओहायो येथील नियंत्रणकक्षांत धोक्याची सूचना देणारी आज्ञावली त्याच दुपारीं मुकाट्यानें बंद पडली, म्हणून तेथील माणसांस वेळींच कांहीं कळलें नाहीं. दोन क्रिया एकाच माहितीवर एकदम लिहूं लागल्या होत्या. त्यापूर्वीं ठिकठिकाणीं मिळून ३० लक्ष तासांहून अधिक काळ ती आज्ञावली चालली असून हा दोष एकदांही प्रकट झाला नव्हता.

मग अधिक वेळां चालवून पाहावें काय? दोन प्रोसेसरांच्या प्रत्येकीं १० पायऱ्या असल्या, तर त्या १,८४,७५६ प्रकारें एकमेकींत गुंफल्या जातात. २० असल्या तर १३ हजार कोटींहून अधिक प्रकारें. महासंगणकांत तर लक्षावधि भाग एकाच वेळीं राबत असतात. ते परस्परांस संदेश पाठवितात. त्यांत कधीं कधीं दोघेही “आधीं तूं माझा संदेश घे, मग मी तुझा घेईन” असा हट्ट धरतात. संदेश लहान असला तर मधल्या सांठ्यांत ठेवून पुढें जातां येतें. मोठा असला तर तो तेथें मावत नाहीं, आणि दोघेही कायमचे खोळंबतात. म्हणजे लहान उदाहरणांत उत्तीर्ण, मोठ्यांत मूक! हा प्रकार आमच्या कांहीं वाचकांस अगदींच अपरिचित नसावा.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज आपण हजार त्रिकोण मोजून ठरवीत नाहीं, सिद्ध करतों. १९८१ च्या सुमारास अमेरिकेंत एडमंड क्लार्क व ॲलन इमर्सन यांनीं, आणि फ्रान्समध्यें जोसेफ सिफाकिस यांनीं स्वतंत्रपणें, सर्व संभाव्य अवस्था यंत्राकडूनच तपासून घेण्याची रीत काढली. २००७ चें ट्यूरिंग पारितोषिक तिघांस मिळालें. दोन पायऱ्यांचा परस्परांशीं संबंधच नसेल, तर आधीं कोणतीही झाली तरी फळ एकच. तेव्हां दोहोंपैकीं एकच क्रम तपासला म्हणजे पुरे. या युक्तीनें कामाचा डोंगर पुष्कळ खालीं येतो. दोष सांपडल्यास तो कोणत्या क्रमानें घडला हेंही यंत्र दाखवितें, आणि आमच्या मतें या रीतीचा सर्वांत मोठा गुण हाच.

तथापि येथें एक निराळाच पेंच उरतो. नेहमींच्या ६४ बिटांच्या अपूर्णांक-गणितांत संख्येचे सुमारें १६ च अंक ठेवले जातात. १ वर १६ शून्यें अशा संख्येंत १ मिळवून मग तीच संख्या वजा केल्यास उत्तर ० येतें. वजाबाकी आधीं केल्यास १. कामाचे वांटेकरी आपापली बेरीज ज्या क्रमानें आणून देतील त्याप्रमाणें उत्तर थोडें बदलणारच. त्यांतील किती फरक चालेल हें यंत्र सांगूं शकत नाहीं. हवामानाचें गणित असेल तर हवामानशास्त्रज्ञानें तो आंकडा आधीं लिहून द्यावा लागतो, आणि सिद्धतेचें काम त्यानंतर सुरू होतें.