गुंतागुंतीची स्प्रिंग कॅडमध्ये कशी काढायची? आधी आकडे, मग माऊस



ठाण्याचं वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथे किंवा डोंबिवली एमआयडीसीत लहान कारखान्यांशी काम सुरू केलंत की एक मागणी हमखास येते: "ही स्प्रिंग तुटलीय, अशाच हजार हव्यात." हातात तुटका नमुना असतो, ड्रॉइंग नसतं. हे काम नीट घेता आलं, तर तुमच्याकडे स्प्रिंगचं मशीन नसलं तरी धंदा आहे. मॉडेल आणि ड्रॉइंग तुमचं, बनवणारा दुसरा. पण एक आकडा चुकला तर हजारच्या हजार नग परत येतात, आणि पैसे तुमचे अडकतात.

पायरी १: नमुना मोजा

सहा गोष्टी लिहून काढा: तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, एकूण वेढे, टोकं कशी आहेत आणि वेढ्यांची दिशा. स्प्रिंग उभी धरल्यावर समोरचे वेढे उजवीकडे वर चढत असतील तर ती उजवी, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखी.

तारेचा व्यास मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजा. गंज असेल तर आधी पुसा. आणि लक्षात ठेवा, वापरलेली स्प्रिंग बसलेली असू शकते. तिची लांबी मूळ लांबीपेक्षा कमी भरते. म्हणून पार्टीला विचारा: ही किती जागेत बसते, किती दाबली जाते आणि किती जोर लागतो?

पायरी २: हिशोब करा

उदाहरण घेऊ. तार २ मिमी, बाहेरचा व्यास २० मिमी, म्हणजे मध्यव्यास १८ मिमी. एकूण वेढे १०. दोन्ही टोकांचा एकेक वेढा बंद आणि ग्राइंड केलेला, म्हणून कामाचे वेढे ८. मोकळी लांबी ६० मिमी.

कडकपणाचं सूत्र असं: स्टीलचा आकडा, साधारण ७९,०००, घ्या. त्याला तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने गुणा. मग ८ × मध्यव्यासाचा घन × कामाचे वेढे याने भागा. आपल्या स्प्रिंगचं उत्तर येतं ३.३९ न्यूटन प्रति मिमी. म्हणजे १० मिमी दाबायला साधारण साडेतीन किलोचा भार.

आता तार २ ऐवजी २.१ मिमी धरली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा २१ टक्क्यांहून जास्त वाढतो! स्क्रीनवर दोन्ही स्प्रिंगा सारख्याच दिसतील. म्हणून मायक्रोमीटर आधी, माऊस नंतर.

पायरी ३: मॉडेल काढा

सरळ स्प्रिंग सोपी असते. एक हेलिक्स काढायची आणि तारेचं वर्तुळ तिच्यावरून फिरवायचं. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातही हे होतं. खरी डोकेदुखी टोकांची, कारण तिथे पिच बदलतो.

आपल्या स्प्रिंगमध्ये पहिला वेढा २ मिमी पिचचा, मधले आठ ७ मिमीचे आणि शेवटचा पुन्हा २ मिमीचा. बेरीज बरोबर ६०. पण पिच तारेच्या व्यासाएवढाच ठेवला तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि सॉफ्टवेअर एरर देऊ शकतं. तिथे २.०२ ठेवा आणि मधला पिच ६.९९५ करा.

सॉलिडवर्क्समध्ये 'व्हेरिएबल पिच' निवडून हे आकडे तक्त्यात भरता येतात. पिच एकदम बदलू नका, मध्ये अर्धा वेढा बदलासाठी सोडा आणि मधला पिच थोडा वाढवून एकूण उंची पुन्हा ६० वर आणा. फ्रीकॅडमध्ये तीन हेलिक्स एकावर एक जोडाव्या लागतात. तिथे जोडावर किंचित कोन दिसेल, पण जागा तपासायला तेवढं चालतं. शेवटी ० आणि ६० मिमी उंचीवर सपाट कापा. झाली ग्राइंड केलेली टोकं.

टॉर्चच्या सेलखाली असते तशी शंकूच्या आकाराची स्प्रिंग हवी असेल तर हेलिक्सला कोन द्या. फक्त तिथे वरचं सरळ सूत्र चालत नाही, कारण प्रत्येक वेढ्याचा व्यास वेगळा असतो.

एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा असतील तर एक उजवी, एक डावी ठेवा. दिशा सारखी असेल तर वेढे एकमेकांत अडकू शकतात. कल्याणला मालगाडी उभी दिसली तर तिच्या बोगीकडे नीट बघा, मोठ्या स्प्रिंगच्या आत लहान स्प्रिंग दिसेल.

पायरी ४: मॉडेलमधून कोटेशन

मॉडेलला स्टील दिलं की वजन मिळतं. आपल्या स्प्रिंगला साधारण ५६९ मिमी तार लागते, वजन सुमारे १४ ग्रॅम. हजार नगांना १४ किलो, वर वाया जाणारी तार वेगळी. ग्राइंडिंगमध्ये थोडं वजन कमी होतं, पण ती तार तुम्ही विकत घेतलेलीच असते, म्हणून हिशोब पूर्ण तारेचा करा.

पूर्ण दाबल्यावरची उंचीही तपासा: १० वेढे × २ मिमी = २० मिमी. पार्टीच्या यंत्रात स्प्रिंग याहून कमी जागेत दाबली जाणार असेल, तर ऑर्डर घेण्याआधीच सांगा. असं आधी सांगणाऱ्याकडे पार्टी परत येते.

बनवणाऱ्याला काय द्यायचं?

नुसतं थ्रीडी मॉडेल पाठवून काम होत नाही. मशीनवाल्याला आकडे हवे असतात. ड्रॉइंगवर तक्ता द्या: तारेचा व्यास, तारेचा दर्जा (साध्या स्प्रिंग स्टील तारेसाठी आयएस ४४५४ भाग १ हे भारतीय मानक आहे), व्यास, एकूण आणि कामाचे वेढे, दिशा, टोकं, मोकळी लांबी आणि ठरलेल्या लांबीवरचा भार. प्रत्येक आकड्याला किती कमी-जास्त चालेल तेही लिहा. आधी पाच-दहा नग बनवून घ्या, पार्टीकडून लेखी मंजुरी घ्या, मगच हजार.

या आठवड्याचा गृहपाठ: एक बटणाचं बॉलपेन उघडा. आतली स्प्रिंग मोजा, मॉडेल काढा आणि त्यावरून हजार नगांना किती तार लागेल ते काढा. जमलं की पहिलं कोटेशन लिहायला तुम्ही तयार आहात.