रोमछिद्रे आणि त्यांच्यावरील उपचार

उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांचा दिवस यंत्रमागाच्या शेडमधील उकाड्यात जातो. त्यात समुद्र जवळ असल्याने हवा दमट, आणि म्हणून दुपार होते न होते तोच चेहरा तेलाने निथळू लागतो. नाकावरची व गालांवरची छिद्रे अशा वेळी अधिकच उठून दिसतात, आणि तरुण मुले-मुली मेडिकलच्या दुकानात जाऊन ती बंद करणारे क्रीम मागतात. असे क्रीम अस्तित्वातच नाही, हे त्यांना कोणीतरी आपुलकीने सांगावयास हवे.

केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतील स्निग्ध द्रव्य त्वचेच्या पृष्ठभागावर पोहोचविणारी वाट म्हणजे रोमछिद्र. ती वाट तुंबली की मुरूम उद्भवतो. छिद्राच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायू नसल्यामुळे वाफेने ते उघडते आणि बर्फाने मिटते ही समजूत निराधार आहे. आरशासमोर उभे राहून नाकपुडीलगतची कातडी दोन नखांत दाबली असता शेवयांसारखे करडे-पिवळे तंतू बाहेर येतात; पुष्कळजण त्यांना मळ समजतात, परंतु ते तेल व मृत पेशी यांचे स्वाभाविक मिश्रण असून सुमारे महिन्याभरात पुन्हा भरून येते. नखाने झालेली जखम मात्र काळा डाग ठेवून जाते.

छिद्रे ठळक होण्यास आनुवंशिकता आणि तारुण्यात वाढणारी संप्रेरके कारणीभूत होतात. पुढे वयोमानाने व उन्हाने त्वचेतील कोलॅजन क्षीण झाले, की छिद्राच्या कडांचा आधार सुटतो. यंत्राचे तेल कातडीवर साचून राहिल्यासही छिद्रे तुंबतात. म्हणून कामाची पाळी संपताच सौम्य साबणाने तोंड-हात धुणे आणि तेलाने माखलेले कपडे बदलणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

औषधांत २ टक्के सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळत असल्याने छिद्राच्या आत पोहोचते. रात्री चेहऱ्यास वाटाण्याएवढे अ‍ॅडापलीन लावल्यास दोन-तीन महिन्यांत छिद्रे लहान दिसू लागतात. आरंभी कातडी सोलते, तेव्हा धीर धरावा लागतो. गरोदर स्त्रियांनी अ‍ॅडापलीन टाळावे. दिवसा सनस्क्रीन लावणे अगत्याचे. लेसरचा खर्च मोठा, गुण अंशतः, आणि सावळ्या वर्णावर डाग पडण्याचे भय असते.

खरी चिंता निराळीच आहे. आठवड्यात चेहरा गुळगुळीत व उजळ करणाऱ्या कित्येक स्वस्त नळ्यांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड्स असतात. महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम व अनावश्यक केस येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी मलमे विकू नयेत असा केंद्र सरकारचा हुकूम २०१८ मध्ये निघाला असूनही ती काउंटरवर सहज हाती पडतात, ही गोष्ट अत्यंत क्लेशदायक आहे. ही मलमे एकाएकी बंद केल्यास चेहरा लाल होऊन आग होते, आणि घाबरलेला मनुष्य पुन्हा त्याच नळीकडे वळतो. अशांनी मजुरा गेटजवळील न्यू सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा महानगरपालिकेच्या स्मिमेर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे, आणि वापरलेली नळी सोबत न्यावी. तिच्यावरील औषधांची नावे वाचूनच पुढील उपचारांची दिशा ठरते.