गाल फुगवून धरा!

धानोऱ्याच्या बँकेत मी होतो तेव्हा कर्ज मागायला आलेला माणूस कागद काढण्याआधी खर्रा पुढे करी. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेली ती पुडी नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे. मी घेत असे आणि तो गेला की आमच्या शिपायाला देत असे. हे आज लिहितानाही बोचते.

माझ्या निवृत्तीनंतर त्याचा फोन आला. "साहेब, तोंडात दोन बोटंही जात नाहीत. गालाला फोड आहे." तुकडा काढून तपासला होता; कर्करोग निघाला होता. आता सी.टी. स्कॅन सांगितले होते. त्याचा प्रश्न रास्त होता : रोग कळला, मग पुन्हा यंत्रात कशाला?

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावले. तुकडा रोग कोणता ते सांगतो. तो कुठवर पोचला ते स्कॅन सांगते. जबड्याचे हाड पोखरले आहे का, दाढेमागच्या स्नायूंत तो शिरला आहे का, मानेत गाठी आहेत का. हाड वाचवायचे की कापायचे, हे त्यावर ठरते. घशाच्या रोगात स्वरयंत्राच्या कूर्चेबाबतही हेच. आणि याचे तर तोंडच उघडत नव्हते. बॅटरीचा उजेड मागे पोचणार कसा?

हाताच्या शिरेतून आयोडीनचे औषध दिले. मूत्रपिंडाची तपासणी आधीच झाली होती. मग तंत्रज्ञ म्हणाला, "गाल फुगवून धरा!" गाल आणि हिरडी चिकटलेली असली तर रोग कोणत्या बाजूचा ते कळत नाही, मध्ये हवा भरली की दोन्ही वेगळी दिसतात. एवढ्या महागड्या यंत्राला शेवटी फुंकरीची मदत! १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे डोके या यंत्राखाली गेले. ते बनवणारे हाऊन्सफील्ड ई.एम.आय. या ग्रामोफोन रेकॉर्डवाल्या कंपनीत अभियंते होते. १९७९ मध्ये त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले.

हाड शाबूत दिसले. मानेत मात्र एका बाजूला दोन गाठी. "स्कॅनलाही बारीकसे निसटू शकते," डॉक्टर म्हणाले, "पक्के उत्तर शस्त्रक्रियेत काढलेल्या भागातूनच मिळेल." वहिनींनी फक्त विचारले, "जेवता येईल ना?"

शस्त्रक्रियेनंतर त्याला घरी सोडायला गेलो. वाटेत चातगाव लागले. तिथल्या 'सर्च' संस्थेचा सहभाग असलेले 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी काम जिल्ह्यात २०१६ पासून सुरू झाले. गुटख्यावर त्याआधीच, २०१२ साली, राज्यात बंदी आली. पण खर्रा हाताने घोटला जातो, त्याला कारखाना लागत नाही. धानोऱ्याच्या स्टँडवर ओळखीच्या एकाने पुडी पुढे केली. मी हात मागे घेतला. तो दुखावला, मी त्याला बाकावर बसवले आणि शिपायाच्या मानेवरची पट्टी दाखवली.