धर्मगीत व लौकिक गीत यांची सीमा : तीन हस्तलिखितांची साक्ष

ख्रिस्ती उपासनेंतील संगीत कोणतें व लौकिक कोणतें, याचा निर्णय सामान्यतः चालीवरून केला जातो. चाल संथ असली कीं ती देवालयाची, चपळ असली कीं बाजाराची, असा समज रूढ आहे. हस्तलिखितांची साक्ष मात्र निराळी आहे. युरोपांतील तीन हस्तलिखितांच्या आधारें या सीमेचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील हार्ली संग्रहाचें, क्रमांक ९७८ चें होय. त्याचा संबंध रेडिंगच्या मठाशीं जोडतात व त्यांतील संगीत तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें मानतात. वैद्यकावरील लेख व मारी द फ्रान्स हिच्या पद्यकथा यांच्या सोबतीस त्यांत एक प्रसिद्ध चक्रगीत आहे. चार गायकांनीं एकच चाल एकामागून एक उचलावयाची व दोघांनीं खालचा पालुपदासारखा स्वर धरावयाचा, अशी त्याची रचना आहे. स्वरांखालीं काळ्या शाईनें इंग्रजी शब्द आहेत. त्यांत ग्रीष्माचें आगमन, पक्ष्याची साद व हंबरणारीं गुरें यांचें वर्णन आहे. त्यांच्या खालीं तांबड्या शाईनें लॅटिन शब्द आहेत. त्यांचा विषय ख्रिस्ताचें बलिदान हा आहे. स्वर तेच; शाई बदलली कीं गीताचें क्षेत्र बदलतें.

दुसरें हस्तलिखित नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील आहे. त्यांत ‘लोम आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रधारी पुरुष’, या लौकिक गीताच्या चालीवर रचलेले सहा मिस्सा आहेत. मूळ गीत संपूर्ण चाल व शब्द यांसह मिळतें तें याच उपासनेच्या पोथींत, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. या चालीवर पुढें चाळीसांहून अधिक मिस्सा रचले गेले. १५६२ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें कामुक व अशुद्ध असें कांहीं ज्यांत मिसळलें आहे तें संगीत देवालयांतून दूर ठेवण्यास सांगितलें. तरीही पालेस्त्रीना यानें १५७० सालीं याच चालीवरील मिस्सा प्रसिद्ध केला. १५८२ सालीं त्यानें दुसरा प्रसिद्ध केला, पण त्यास केवळ ‘चौथा मिस्सा’ असें नांव दिलें. गीताचें नांव गेलें, चाल राहिली.

तिसरें हस्तलिखित बाख याच्या हातचें असून तें बर्लिन येथें आहे. १७३३ सालीं सॅक्सनीच्या राजघराण्यांतील मारिया योझेफा हिच्या वाढदिवसासाठीं त्यानें नगाऱ्यांस व कर्ण्यांस वाजण्याचें आवाहन करणारें गीत रचलें. १७३४ च्या नाताळाच्या संगीतिकेच्या आरंभीं त्यानें तेंच संगीत घेतलें. नवी प्रत लिहितांना लेखणी जुन्याच शब्दांकडे वळली. ते खोडून त्यानें नवे शब्द घातले. नगाऱ्याचा आरंभ मात्र कायम राहिला.

यावरून आमचें मत असें कीं, ही सीमा स्वरांत नाहीं. ती शब्दांत, प्रसंगांत व विशेषेंकरून ऐकणाराच्या स्मरणांत आहे. जुने शब्द ज्याच्या कानांत आहेत त्यास देवालयांतही बाजार ऐकूं येतो. ते विसरले गेले कीं तीच चाल निःशंकपणें प्रार्थनेची होते. स्मरण माणसाबरोबर जातें. कागदावर राहते ती खाडाखोड, दुसरी शाई व समासांतील टीप.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. गीतांचें बाड हातीं आल्यास धार्मिक व लौकिक असे भाग करून त्याचीं पत्रें विलग करूं नयेत. खोडलेला चरण गाळून नक्कल करूं नये. आपल्या पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गीताचा निर्देश असतो, तोही अवश्य टिपून ठेवावा. गीत या सीमेवरून कोणत्या वाटेनें पलीकडे गेलें, याचा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला असतो.