मोठी फिल्म, लांब लेन्स

मीडियम फॉरमॅट म्हणजे 120 नंबरचा रोल वापरणारे कॅमेरे. कोडॅकने हा रोल 1901 मध्ये आणला. त्याची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटर रुंद असते आणि कॅमेऱ्याप्रमाणे तिच्यावर 6×4.5, 6×6 किंवा 6×7 सेंटिमीटरच्या फ्रेम मिळतात. 6×6 साठी 80 मिमीची लेन्स नॉर्मल मानतात, 6×7 साठी 90 किंवा 105 मिमीची. खरी लांब लेन्स 250 मिमीच्या पुढे सुरू होते. 35 मिमीच्या कॅमेऱ्यावर 250 मिमी बरीच लांब वाटते, पण 6×6 वर तिचा दृश्यकोन लहान फॉरमॅटवरच्या साधारण 140 मिमीइतकाच असतो.

फिल्म मोठी म्हणून दूरची वस्तू जवळ येत नाही. दूरच्या वस्तूची फिल्मवरची प्रतिमा किती मोठी पडेल, हे फक्त फोकल लेंग्थ ठरवते. 500 मिमीच्या लेन्समधून पूर्ण चंद्र सुमारे साडेचार मिलिमीटरचा उमटतो, मग मागे कुठलीही फिल्म असो. मोठ्या फिल्मवर चंद्राभोवतीचे आकाश तेवढे जास्त मावते. त्यामुळे झाडाच्या शेंड्यावरचा लहानसा पक्षी टिपायला हे साधन गैरसोयीचे आहे, कारण चौकट भरण्यासाठी आणखी लांब आणि जड लेन्स लागते. मात्र चौकटीतला प्रत्येक कोपरा कामाचा असेल, उदाहरणार्थ एकामागे एक सरकत गेलेल्या डोंगररांगा, तर 56×56 मिमीची फ्रेम 35 मिमीच्या फ्रेमच्या साडेतीन पटींहून अधिक क्षेत्रफळ देते. मोठ्या प्रिंटमध्ये दाणा मागे राहतो आणि धुक्यातल्या करड्या छटा एकमेकींत अलगद मिसळतात. लांब लेन्स या कॅमेऱ्याला लावायची ती यासाठीच.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला चंद्राच्या कक्षेतला आहे. 24 डिसेंबर 1968 रोजी अपोलो 8 मधून बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली, ती हॅसलब्लाड कॅमेऱ्याने आणि 250 मिमीच्या झाइस सोनार लेन्सने. फिल्मवर पृथ्वी जेमतेम आठ मिलिमीटरची आहे. पण त्या छायाचित्राचा परिणाम भोवतीच्या काळ्या अवकाशात आणि खालच्या खडबडीत पृष्ठभागात आहे, आणि तो मोठ्या चौकटीने सांभाळला. पुढे 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी 500 मिमीची लेन्स थेट चंद्रभूमीवर वापरली. हॅडली दरीच्या पलीकडच्या कड्यातले खडकांचे थर त्या चित्रांत दिसतात. हॅसलब्लाडचे संस्थापक व्हिक्टर हॅसलब्लाड स्वतः हाडाचे पक्षीनिरीक्षक होते. स्थलांतरी पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक 1935 मध्ये आले, आणि लेन्स बदलता येणारा त्यांचा पहिला नागरी कॅमेरा 1948 मध्ये.

टेलिफोटो ही रचना यापेक्षा जुनी आहे. पुढे प्रकाश एकवटणारा आणि मागे तो किंचित फाकवणारा असे भिंगांचे दोन गट ठेवले की लेन्सची प्रत्यक्ष लांबी फोकल लेंग्थपेक्षा कमी होते. डालमायर, स्टाइनहाइल आणि मीटे या तिघांनी 1891 च्या सुमारास स्वतंत्रपणे ही युक्ती साधली. अडचण रंगांची असते. फोकल लेंग्थ वाढते तशी लाल-निळ्या किरणांमधली तफावतही वाढते आणि कडांना रंगीत झालर येते. ती आवरायला विशेष काच किंवा फ्लोराइट लागते. झाइसच्या 250 मिमी सुपरॲक्रोमॅटचे नाव याच गुणासाठी आदराने घेतले जाते.

लेन्स किती प्रकाश घेईल, हे शटर कुठे आहे यावरही अवलंबून असते. हॅसलब्लाड 500सी (1957) आणि मामिया आरबी67 (1970) यांत शटर लेन्सच्या पोटात असते. त्याचा व्यास मर्यादित असल्याने त्यांच्या सुरुवातीच्या 500 मिमीच्या लेन्स एफ/8 वर थांबल्या. 1969 च्या पेंटॅक्स 6×7 मध्ये शटर फिल्मसमोर, बॉडीतच आहे. म्हणून तिच्यासाठी 400, 600 आणि अगदी 800 मिमीच्याही एफ/4 लेन्स निघाल्या.

या मोकळिकीची किंमत हादऱ्याने चुकवावी लागते. पेंटॅक्सचा भलामोठा आरसा वर आदळतो आणि पाठोपाठ शटरचा पडदा सत्तर मिलिमीटर धावतो. आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय 1976 मध्ये आली. पडद्याचा धक्का मात्र उरतोच. साधारण 1/30 ते 1/8 सेकंदाच्या पट्ट्यात तो सर्वाधिक जाणवतो. त्याहून जलद वेग घ्यावा, किंवा उलट पूर्ण एक-दोन सेकंद उघडा ठेवावा. लेन्सच्या शटरचे कॅमेरे इथे सरस ठरतात: आरसा आधी उचलला की शेवटी हलते ते फक्त शटरच्या पात्यांचे हलके चक्र. ट्रायपॉड मजबूत हवाच, पण लेन्सच्या कॉलरला एक आणि बॉडीखाली दुसरा असे दोन आधार दिले तर फरक उघड दिसतो. वाळूची पिशवी लेन्सवर ठेवणे हा उपाय स्वस्त आणि भरवशाचा.

प्रकाशाचा हिशेबही आधी मांडावा लागतो. भर उन्हात 100 आयएसओच्या फिल्मवर एफ/8 ला 1/400 सेकंद मिळतो. धूसरपणा कापण्यासाठी कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की तीन स्टॉप जातात आणि वेग 1/50 वर येतो, म्हणजे धोक्याच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर.

फोकसला सवलत फार थोडी असते. तेच दृश्य त्याच एफ-आकड्यावर लहान फॉरमॅटपेक्षा मीडियम फॉरमॅटवर उथळ फोकसमध्ये येते, म्हणून एफ/16 किंवा एफ/22 पर्यंत जावे लागते. एफ/8 च्या लेन्सवर फोकसिंग स्क्रीनमधल्या स्प्लिट-इमेजचा अर्धा भाग काळा पडतो. साधी ग्राउंड ग्लास आणि भिंग हेच कामी येते. अनेक लांब लेन्स अनंताच्या खुणेपुढेही फिरतात, कारण तापमानाने त्यांची लांबी बदलते. खूण पाहून रिंग शेवटपर्यंत फिरवणारा हमखास फसतो. जुन्या हॅसलब्लाडमध्ये आरसा आखूड असल्याने लांब लेन्सवर व्ह्यूफाइंडरची एक कड अंधारते. फिल्मवर तसे काही नसते. 1990 च्या दशकातल्या 503सीडब्ल्यू मॉडेलमध्ये सरकता आरसा देऊन हा दोष काढला.

फिल्म सपाट राहणे हाही प्रश्न आहे. मॅगझीनमध्ये ती रोलरवरून वळते आणि तासन्‌तास तशीच राहिली तर वळणाचा बाक धरते. पुढची फ्रेम चित्र घेण्याच्या अगदी आधी ओढणे बरे.

एवढे सगळे सांभाळल्यावरही मधली हवा हाताबाहेर राहते. जमीन तापली की दूरची कड लहरू लागते आणि तिथे कुठलीही काच काही करू शकत नाही. झाइसने 2006 मध्ये 6×6 साठी 1700 मिमी एफ/4 ची, 256 किलो वजनाची लेन्स दाखवली. तिलाही हाच नियम. लांब अंतराचे काम सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, किंवा पावसाने हवा धुऊन काढल्यावर करावे.