‘वॉर्फरिन’मधलं ‘वॉर्फ’ कुठून आलं?

घरात कुणाच्या हृदयाची झडप बदलली असेल, तर ‘रक्त पातळ करायची गोळी’ तुमच्या ओळखीची असेल. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, आयएनआर किती आला ते बघायचं आणि डॉक्टर सांगतील तसा डोस कमी-जास्त करायचा. अशा गोळ्यांमधलं जगभर वापरलं जाणारं एक औषध म्हणजे वॉर्फरिन. यातलं ‘वॉर्फ’ हे कुठल्या रसायनाचं नाव नाही. एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या संस्थेचं ते नाव आहे: विस्कॉन्सिन अलम्नाय रिसर्च फाउंडेशन. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की झालं ‘वॉर्फ’.

औषधाची गोष्ट मात्र गोठ्यात सुरू होते. १९२०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडाच्या थंड भागात गुरं दगावू लागली. शिंगं काढताना किंवा साधी जखम झाली, तरी रक्त थांबायचंच नाही. दोष चाऱ्याचा आहे, हे पशुवैद्यांनी शोधून काढलं. ‘स्वीट क्लोव्हर’ हा आपल्या लसूणघासासारखा चारा. तो ओलसर राहून त्याला बुरशी लागली की घात करायचा. इलाज सोपा होता, चारा बदला. पण महामंदीत नवा चारा घ्यायला शेतकऱ्याकडे पैसे होते कुठे?

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला पोहोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो चारा. शनिवार असल्यामुळे गुरांच्या सरकारी डॉक्टरांचं ऑफिस बंद होतं. शोधता शोधता तो विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक या बायोकेमिस्टच्या लॅबमध्ये शिरला. ‘हा चारा देऊ नका’ यापेक्षा फारसं काही लिंकही त्या दिवशी सांगू शकले नाहीत. पण त्या कॅननं लॅबला कामाला लावलं.

हे काम सहा वर्षं चाललं. रक्त गोठू न देणारा पदार्थ १९३९मध्ये स्फटिकरूपात वेगळा झाला. त्याचं नाव डायकूमॅरॉल. मग त्याच्या जवळची अनेक रसायनं बनवून तपासली गेली. त्यातलं एक १९४८मध्ये बाजारात आलं, तेही चक्क उंदीर मारायचं औषध म्हणून! तेच वॉर्फरिन. १९५४मध्ये त्याला माणसांसाठी मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी हार्ट अटॅक आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. प्रोफेसर काही कारखाना चालवत नाहीत, मग शोध बाजारात पोहोचला कसा? इथे ‘वॉर्फ’ येते. याच विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातलं ‘ड’ जीवनसत्त्व वाढवता येतं हे दाखवलं होतं. मुलांची हाडं वाकवणाऱ्या मुडदूस रोगावर हा मोठाच उपाय होता. क्वेकर ओट्स कंपनीनं हक्कांसाठी मोठी रक्कम देऊ केली. स्टीनबॉक नाही म्हणाले. त्याऐवजी १९२५मध्ये माजी विद्यार्थ्यांना घेऊन ‘वॉर्फ’ उभी राहिली. संस्थेनं पेटंट सांभाळायचं, कंपन्यांना लायसन्स द्यायचं आणि रॉयल्टी पुन्हा विद्यापीठाच्या संशोधनात घालायची. लिंक यांच्या कामालाही याच संस्थेचा पैसा मिळाला, म्हणून औषधाला तिचं नाव. सरकारी पैशातल्या संशोधनाचं पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवू देणारा अमेरिकेतला बे-डोल कायदा तर १९८०चा. म्हणजे तब्बल ५५ वर्षांनंतरचा!

पण सगळंच गोड नव्हतं. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य. लोण्याला स्पर्धा नको म्हणून ‘वॉर्फ’नं मार्गारिनवाल्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाचं लायसन्स नाकारलं. लोणी परवडत नाही म्हणून मार्गारिन खाणाऱ्या गरिबांच्या मुलांचं काय? १९४०च्या दशकात अमेरिकी कोर्टानं ही पेटंट रद्द ठरवताना या नकारावरही बोट ठेवलं. विद्यापीठ लोकांशी हातमिळवणी करतं, तेव्हा कोणत्या लोकांशी, हे विचारावंच लागतं.

आपल्याकडेही आता ही व्यवस्था उभी राहतेय. आयआयटी मुंबईत ‘साइन’ आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन कंपनी ‘साइन’मध्ये वाढली आणि २०२३मध्ये शेअर बाजारात आली. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांमध्ये इनोव्हेशन आणि इन्क्युबेशनसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. दारं आहेत. आयडिया घेऊन आत जाणाऱ्यांना ती उघडतातही. अडचण घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला, यंत्रमागवाल्याला, नर्सताईंना ती सापडतात का?

ते काम तुम्ही करू शकता. फायनल इयरचा प्रोजेक्ट सीनियर्सच्या जुन्या फाइलमधून उचलण्याआधी गावातल्या दूध डेअरीत, जवळच्या वर्कशॉपमध्ये, सरकारी दवाखान्यात एक दिवस घालवा. रोज काय अडतं ते विचारा.

आणि काही हाती लागलंच, तर दोन गोष्टी विसरू नका. एक, पोस्टर किंवा रीलमधून सगळं सांगून टाकण्याआधी पेटंटचा अर्ज करा. मोजके अपवाद सोडले, तर आधीच जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी ‘नवी’ राहत नाही. दोन, शोधावर हक्क तुमचा, गाइडचा की कॉलेजचा, हे कॉलेजच्या नियमांत आधी वाचून घ्या. आणि ज्यांनी अडचण सांगितली, त्यांना त्यातून काय मिळणार, हेही त्याच वेळी कागदावर येऊ द्या.