मुलाची गिअरची सायकल आता तुमची!

मैत्रिणींनो, तुमच्याही जिन्याखाली मुलाची गिअरची सायकल धूळ खात उभी आहे ना? पोरगं शिकायला परगावी गेलं की तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहात नाही. आमच्याकडे तेच झालं. गिअर अडकलेले, वायरी गंजलेल्या. "भंगारात देऊन टाकू," हे म्हणाले. मी म्हटलं, थांबा! भाजीला जा, बँकेत जा, दर वेळी रिक्षा, नाहीतर यांची स्कूटर मोकळी होण्याची वाट पाहा. मला अगदी वीट आला होता.

सपाट गावात गिअर हवेत कशाला? ते काढून सायकल साधी, एकाच वेगाची करून घ्या. शाळेत असताना आपण चालवायचो तशी. काम सायकलवाल्याचंच, पण त्याला काय सांगायचं ते आपल्याला ठाऊक हवं. गिअरचे खटके, वायरी आणि मागचा लोंबता सांगाडा काढायचा. मागची पाच-सहा चकत्यांची फ्रीव्हील जुन्या सायकलीत आट्यांवर बसवलेली असते. ती खास पान्याने उतरवून तिथे एका चकतीची बसवायची. पुढे 42 दाते नि मागे 18 असले, की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे सव्वादोनहून थोडे जास्त फेरे होतात. रस्त्याला किंचित चढ असेल तर मागे 20 दाते घ्या, पायाला हलकं जातं. घाटाच्या गावी मात्र गिअर काढूच नका. चेनही नवी, जाड घ्यावी. गिअरची बारीक चेन साध्या चकतीवर बहुधा बसत नाही.

माझी फजिती झाली ती वेगळ्याच कारणाने. पुढची नि मागची चकती एका रेषेत नव्हती. भर चौकात चेन उतरली, ओढणी काळी झाली ती वेगळीच! मग मिस्त्रीने मागच्या आसाचे वायसर इकडचे तिकडे केले, स्पोक आवळून चाक पुन्हा मधोमध आणलं. तुम्ही दुकानातच मागे उभं राहून पाहा, चेन सरळ रेघेत दिसली पाहिजे. मागच्या चाकाची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर ताण देणारी छोटी पुली लावावी लागते. बोटाने दाबल्यावर चेन साधारण अर्धा इंच हलावी. फार ताठ नको.

ब्रेक दोन्ही हवेतच. चेनकव्हर मागून घ्या, या सायकलींना बहुधा नसतं. आणि दांडीची सायकल असेल तर साडीवर नको हं, मी सलवार-कमीजच घालते. आठवड्याने नट पुन्हा आवळून घ्या, नवी चेन जरा सैलावते.